साठ नंबरची विळी

आमच्या सातारा-सांगली भागात दोन विषय असे आहेत की त्यांतलं सगळ्यांना सगळं कळतं. एक राजकारण आणि दुसरं स्टील. राजकारणाचं मी कबूल करतो. स्टीलमधलं मात्र कुणाला ओ की ठो कळत नाही, आणि हे म्हणायचा हक्क मला आहे, कारण माझी चौतीस वर्षं पोलाद तापवण्यात आणि बुडवण्यात गेली.

यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. वाईला माझ्या साडूच्या घरी त्यांनी माझ्या तोंडून विळीची गोष्ट ऐकली होती आणि हसता हसता निम्मा चहा सदऱ्यावर सांडून घेतला होता. "तीच लिहा, अगदी तशीच," असं ते म्हणाले. तशीच लिहिता आली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण मधल्या काळात त्या गोष्टीला एका बाईचा अंगठा जोडला गेला आहे, आणि तो वगळून ती सांगणं आता मला जमत नाही.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

साताऱ्याच्या एका कारखान्यात आम्ही यंत्रांची पाती करायचो. कागद कापायची, रबर कापायची, तंबाखू कापायची. त्या पात्यांना पाणी द्यायचं खातं माझ्याकडे होतं. पाणी देणं हा शब्द लोहारांचा. आम्ही पाती बुडवायचो तेलात, पण म्हणायचो पाणीच. पातं भट्टीत लालभडक करायचं आणि एकदम गार करायचं, की ते कडक होतं. इतकं कडक की हातातून फरशीवर पडलं तर कपबशीसारखं फुटेल. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर ठेवायचं, थोडा कडकपणा उतरवायचा आणि त्याच्या बदल्यात चिवटपणा घ्यायचा. दोन्ही भरपूर मिळत नाहीत. जो दोन्ही मागतो त्याला आम्ही खात्यात 'साहेब' म्हणायचो, कारण अशी मागणी नेहमी वरच्या मजल्यावरूनच यायची.

कडकपणा मोजायला यंत्र असतं. त्याचं हिऱ्याचं टोक पात्यावर दाबलं जातं आणि ते जेवढं कमी रुतेल तेवढा आकडा, म्हणजे नंबर, मोठा. वस्तऱ्याला साठ असावा. घरातल्या सुरीला किंवा विळीला पंचावन्नच्या आसपास बरा, म्हणजे धार टिकते आणि गेली तर दगडावर पुन्हा लावताही येते. कोयत्याला पंचेचाळीस ते पन्नास पुरे, कारण त्याला मार खायचा असतो. एवढंच शास्त्र आहे. दहावीच्या मुलालाही अर्ध्या तासात समजेल. फक्त ज्याच्या हातात मोबाइल आहे अशा साठीच्या माणसाला ते कधीच समजत नाही.

निवृत्त झाल्यावर मी वाळवा तालुक्यातल्या माझ्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये छोटी भट्टी टाकली. गिऱ्हाइकं येऊ लागली. कवठे महांकाळकडचे द्राक्षवाले छाटणीच्या कात्र्या घेऊन येत. ते बिचारे कात्री ठेवत, नेत, आणि गप्प असत. अशा गिऱ्हाइकांवर लिहिण्यासारखं काही नसतं.

लिहिण्यासारखे म्हणजे सुभेदार. शिराळ्याकडच्या एका गावचे, फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्यूटीवर असलेले. ते एक दिवस जुन्या जीपचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंगची पोलादी पट्टी, खांद्यावर टाकून आले.

"ह्याचा कोयता करायचा. नंबर बासष्ट पायजे."

"बासष्ट कशाला, सुभेदारसाहेब?"

"आवं, यूट्यूबवर बगितलं न्हवं. जपानी लोक बासष्टच्या खाली येत न्हाईत."

"जपानी लोक मासे कापतात. तुम्ही काय कापणार?"

"बाभळ."

मी समजावून पाहिलं. त्यांनी सियाचीन, राजस्थान आणि लेह अशा तीन ठिकाणच्या आठवणी सांगितल्या, ज्यांचा कोयत्याशी काही संबंध नव्हता. शेवटी मी पाट्याचा कोयता केला आणि जवळजवळ साठवर सोडला. तिसऱ्या घावाला धारेचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा उडून गेला. सुदैवानं बाभळीच्या दिशेनं गेला. सुभेदार परत आले आणि म्हणाले, "तुमचं पाणी वंगाळ हाय."

मग मी दुसरा केला, मुकाट्यानं सत्तेचाळीसवर आणला, आणि सांगितलं, "हा घ्या, खास बासष्ट." त्या कोयत्यानं त्यांनी सगळा बांध साफ केला. पुढं गावभर तो कोयता मिरवत ते सांगत सुटले की असलं पाणी सबंध जिल्ह्यात कुणाला देता येत नाही. मला फार मौज वाटली. खोटं बोलून गिऱ्हाइकाचं भलं करता येतं, असा मोठा शोध लागल्यासारखं मी हे चारचौघांत सांगत असे.

याच सुभेदारांनी मला चेअरमनांकडे नेलं.

सुभेदार त्यांच्या गावच्या पतसंस्थेचे संचालक होते आणि चेअरमन होते आबासाहेब. ही पतसंस्था दर वर्षी सभासदांना काहीतरी भेट देई. एका वर्षी चादर दिली, ती पहिल्या धुण्यात रुमाल झाली. एका वर्षी आबासाहेबांचा फोटो असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते दोन महिन्यांत बंद पडलं, आणि विरोधकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. आता निवडणूक जवळ आली होती. बायकांच्या रोज हातात राहील अशी वस्तू हवी, असं ठरलं. कुणीतरी विळी सुचवली. पाट आणि खवणी दुसऱ्यांची, पाती माझी. हजारभर.

मी नमुना नेला. पातं सुरीच्या स्टीलचं केलं होतं. हे स्टील गंजत नाही आणि पाणीही घेतं. पंचावन्न नंबर, हात लावला तर कळायच्या आत कापेल असं. खरं सांगतो, ते पातं पाहून माझं मलाच बरं वाटलं होतं. संचालक मंडळाच्या बैठकीत मी ते टेबलावर ठेवलं. धार कुणीही पाहिली नाही. आबासाहेबांनी बंडीच्या खिशातून एक चुंबक काढला, बहुधा फुटक्या स्पीकरचा, आणि पात्याला लावला. तो टक् करून चिकटला.

सगळे संचालक माझ्याकडे असे बघू लागले, जणू मला कुणाच्या तरी शेतात म्हैस सोडताना पकडलं होतं.

"चिकटतंय," आबासाहेब म्हणाले.

"चिकटणारच. सुरीचं स्टील आहे."

"म्हंजे लोखंड."

"सगळ्या स्टीलमध्ये लोखंडच असतं, आबासाहेब."

"आवं, मला काय शिकवताय? माझ्या लग्नापास्नं घरात एकबी भांडं चुंबक लावल्याबिगर आलं न्हाई. चिकटलं तर डुप्लिकेट, न्हाई चिकटलं तर असली. ह्ये बारकं पोरगंबी सांगंल."

इथं सगळी मेख आहे, ती नीट सांगतो. आपल्या घरात स्टील म्हणजे भांड्यांचं स्टील. बाकीचं सगळं 'लोखंडी'. भांड्यांचं चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. भांड्यांच्या दुकानात चुंबक लावणं म्हणूनच ठीक. पण त्या स्टीलला धारेशी काही देणंघेणं नसतं. त्याच्यात कार्बन नावापुरता असतो, आणि कडकपणा येतो तो कार्बनमुळं. त्याला कितीही तापवा, कशातही बुडवा, ते पाणी घेत नाही. पाण्याला विरजण लावून दह्याची वाट बघावी तसा प्रकार. आमटी ठेवायला ते उत्तम आहे. कांदा चिरायला नाही. पाणी घेणारं सगळं सुरीचं स्टील चुंबकाला चिकटतं.

हे मी तिथं उभं राहून सांगितलं. दरम्यान चुंबक प्रसादासारखा सगळ्यांच्या हातांतून फिरत होता. एकानं तो टेबलाच्या पायाला लावला. एकानं स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाला लावला आणि चिकटल्यावर घाईघाईनं बाही खाली ओढली.

मग सुभेदार उठले. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलणार.

"चुंबकाचं चेअरमनसाहेब म्हणत्यात त्ये बरोबर हाय. पर माझी एक सूचना. नंबर साठच्या खाली नगं. ह्यांनीच मला बासष्ट नंबरचा कोयता करून दिलाय. इचारा त्यांनाच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी 'तो कोयता सत्तेचाळीसचा आहे' असं म्हटलं असतं तर सुभेदारांची इज्जत गेली असती आणि माझीही. मी म्हटलं, "हो, करून दिलाय."

"मग झालं तर," आबासाहेब म्हणाले.

ठराव लिहिला गेला. चुंबक न चिकटणाऱ्या असली स्टीलच्या, साठ नंबरच्या विळ्या सभासदांना देण्यात याव्यात. सूचक सुभेदार. अनुमोदक घड्याळवाले. एकमतानं मंजूर. पोलादाचा गुणधर्म ठरावानं बदलल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. सहकारात इतर पुष्कळ गोष्टी ठरावानं बदलतात हे मला ठाऊक होतं, पण निसर्गानंही मंडळापुढं यावं असं वाटलं नव्हतं.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. लोक विचारतात, 'नाही' का म्हणाला नाहीत? भट्टी बरेच दिवस थंड होती हे खरं, पण ते कारण नव्हतं. कारण असं की मला मजा वाटली. हजार स्वयंपाकघरांत आबासाहेबांच्या नावाची विळी जाणार आणि एकही कापणार नाही! मी मनात म्हटलं, घ्या म्हणावं. पडा तोंडावर.

पाती केली. भट्टी पेटवलीच नाही, कारण पाणी न घेणाऱ्याला तापवून करायचं काय? भांड्यांच्या स्टीलचा जाड पत्रा आणला, कापला, घासला, धार काढली. एक पातं उगीच यंत्रावर ठेवून पाहिलं. काटा वीसपर्यंतसुद्धा आला नाही. मग ठरल्याप्रमाणे प्रत्येक पात्यावर कोरून घेतलं: 'सप्रेम भेट', त्याखाली आबासाहेबांचं नाव, त्याखाली '६० नंबर'. आणि एका कोपऱ्यात, बारीक, माझ्या शेडचा छाप, गावाच्या नावासकट. तो कारखान्यातून लागलेला नाद. आपल्या हातून गेलेल्या पात्यावर आपली खूण असावी, असं आम्हाला शिकवलं होतं. का असावी ते बहुधा मी विसरलो होतो.

वाटपाचा समारंभ दणक्यात झाला. फीत कापायला कात्रीऐवजी विळीच ठेवली होती. पण पाहुण्यांना धार दाखवायची म्हणून सुभेदारांनी सकाळपासून त्याच विळीवर चार ऊस कापले होते. आबासाहेबांनी फीत पात्यावर धरली आणि ओढली. ती नुसती सरकली. पुन्हा ओढली. पुन्हा सरकली. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी हिसडा मारून ती तोडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागच्या रांगेत बसून तोंडावर रुमाल धरला होता.

निवडणुकीत आबासाहेब पुन्हा निवडून आले. विळी कापत नाही म्हणून कुणी मत बदललं नाही. घड्याळ बंद पडलं तेव्हाही बदललं नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट मी साताऱ्याच्या जुन्या दोस्तांना सांगितली, लग्नांच्या मांडवात सांगितली, वाईला साडूकडं सांगितली. फितीच्या जागी उभं राहून ओढून दाखवायचो. लोक डोळे पुसायचे. मीही हसायचो.

गेल्या माघात एक दिवस सकाळी शेडच्या दारात एक बाई उभी राहिली. साठीची, नऊवारी, काखेत कापडी पिशवी. एसटीनं दोन गाड्या बदलून आली होती. तिनं पिशवीतून पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. विळी होती. पाट तोच, खवणी तीच, नाव तेच.

"धार लावून द्या," ती म्हणाली. "तुमचा छाप बगून आलीया. गावात लावून घेतली तर दोन दिसांत जातीया. ज्यानं केली त्यानंच लावली म्हंजे टिकंल."

तिचं नाव हौसाक्का. लग्न, बारसं, जावळ, कुठंही पन्नास-शंभर पानं उठायची असली की तिला बोलावणं जायचं. तिचा हात लागला की भाजी पुरते आणि चवही राहते, असं त्या बाजूला म्हणतात. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी एवढंच पाहिलं की तिनं विळी डाव्या हातानं पुढं केली. उजव्या हाताचा अंगठा सरळ ताठ होता. खालच्या पेरापासून मनगटाकडं एक पांढरा व्रण गेला होता.

मी विचारलं, काय झालं?

"माजंच चुकलं," ती म्हणाली. तिनं सांगितलं ते असं. संस्थेची विळी आली तेव्हा तिनं जुनी लोखंडी मोडीत घातली. साठ नंबरची असली स्टीलची आली, मग जुनी कशाला? नवी लवकर बोथट व्हायची. तिला वाटलं, वय झालं, हातातला जोर गेला. ती रोज सकाळी दगडावर धार लावायची आणि जोर वाढवत राहिली. एका जावळाला लाल भोपळा होता. भोपळा मध्ये अडकला, तिनं अंगाचा भार टाकला, भोपळा एकदम फुटला आणि हात खाली गेला. अंगठ्याची शीर तुटली. शिराळ्याला टाके घातले, पण अंगठा वाकला नाही तो नाहीच.

मी पातं उजेडात धरलं. पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. मधली धार दाबून एका अंगाला वळली होती, चपातीची कड दुमडावी तशी. वरच्या टोकाला, जिथं चिरताना कुणाचा हात जात नाही, तिथं दगडावर लावलेली धार जशीच्या तशी होती. कापायचं तिथं कापत नव्हतं, आणि भोपळा फुटल्यावर हात गेला तो नेमका त्या टोकावर. मऊ पातं असंच वागतं. चौतीस वर्षं मी हे पोरांना शिकवलं होतं.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "असं होतं कधी कधी. लावून देतो चांगली." आणि सहाणेचं यंत्र चालू करायला वळलो. सवयच होती.

ती म्हणाली, "आमच्या आळीत समद्यांचंच तसं हाय. शेजारच्या सुनंला सासू रोज बोलती. चेअरमननी साठ नंबरची इळी दिली तरी तुला कांदा चिराय येत न्हाई. ती पोरगी रडती. मी म्हनलं, बाई गं, मलाबी येत न्हाई आता, आपलेच हात वंगाळ."

मी यंत्र बंद केलं.

इतके दिवस ही गोष्ट सांगताना मला वाटायचं की त्या हजार विळ्या आबासाहेबांना लागणार आहेत. आबासाहेबांनी जन्मात कांदा चिरला नसेल. सुभेदारांनीही नाही. संचालक मंडळात एकही बाई नव्हती, आणि मलाही मागच्या रांगेत बसून हसताना एकही बाई दिसली नव्हती. मी सूड घेतला चेअरमनवर आणि तो भोगला हिनं.

मी तिला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. चुंबक, ठराव, कोयता, सगळं. संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"करताना तुमाला म्हाईत हुतं?"

"होय."

"मंग तुमच्या घरात कुठली इळी हाय?"

घर शेडला लागूनच आहे. आतून बायकोच्या चिरण्याचा आवाज येत होता. मेथी असावी. असा आवाज चांगल्या पात्याचाच येतो, आणि तो हौसाक्कालाही ऐकू येत होता. चाळीस वर्षं तिनं तेच काम केलं होतं. ती थोडा वेळ तो आवाज ऐकत बसली आणि म्हणाली, "लय चांगली हाय."

शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला नवीन पातं केलं, पंचावन्नचं. करताना ती शेजारी बसून सांगत होती. आता डावा हात पुढं राहणार म्हणून धारेचा उतार उलटा हवा, पातं जरा बुटकं हवं, वाक इथं नको, तिथं हवा. विळीबद्दल मला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं ते त्या दुपारी कळलं. कारखान्यात कुणी चिरणाऱ्याला विचारून पातं केलं नव्हतं. पातं उत्तम झालं. तिनं डाव्या हातानं एक कांदा चिरून पाहिला. कांदा बारीक झाला, पण तिच्या मनासारखा नाही. तिनं तो पुन्हा एकदा पाहिला आणि पदरानं डोळे पुसले. कांद्यानं येतं तेवढंच पाणी होतं, असं मी धरून चाललो. हल्ली पंगतीला चिरायला दुसऱ्या बायका असतात. हौसाक्का मीठ-मसाला बघते. बोलावणी कमी झाली आहेत.

जाताना ती म्हणाली, "माझ्या अंगठ्याचं ऱ्हाऊ द्या. झालं त्ये झालं. पर त्या पोरीला कोन सांगनार? समद्यांना वाटतंय आपलाच हात वंगाळ."

"चेअरमनना सांगतो. सभेत जाहीर करतील."

"त्यो कशाला सांगंल?" ती माझ्याकडं पाहत राहिली. "केली तुमी. तुमीच सांगा."

तरी मी आधी आबासाहेबांकडेच गेलो. खरं सांगायला चारचौघांत तोंड उघडायची केवढी भीती वाटते ते तेव्हा कळलं. आबासाहेबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "विषयपत्रिकेवर न्हाई. ऐनवेळच्या विषयांत घेऊ." वार्षिक सभेत ऐनवेळचे विषय आले तेव्हा लाउडस्पीकर बंद पडला आणि वडापावची ताटं आली. मी उभा होतो. कुणाला ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं त्यांनी वडापाव घेतला.

सुभेदार मात्र बाहेर येऊन मला भेटले. आवाज खाली आणून विचारलं, "गड्या, खरं सांग. माझा कोयताबी तसलाच काय?" मी म्हटलं, "तुमचा कोयता चांगला आहे, सुभेदारसाहेब. फक्त तो सत्तेचाळीस नंबरचा आहे." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. कोयता वापरतात.

तेव्हा संपादकांची माफी मागून हा अंक मी माझ्या कामासाठी वापरतो आहे. दिवाळी अंक लोक फराळाबरोबर चाळतात, वाचनालयात नेतात, आणि शिराळ्याकडच्या त्या गावात वाचनालय आहे. कुणीतरी वाचेल आणि घरात मोठ्यानं वाचून दाखवेल, एवढीच आशा.

ज्या घरात 'सप्रेम भेट' आणि '६० नंबर' कोरलेली विळी आहे, मग ती ओट्यावर असो नाहीतर माळ्यावर, त्या घरातल्या बायकांसाठी हे आहे. पात्याच्या कोपऱ्यात माझ्या शेडचा आणि गावाचा छाप आहे, तो पाहून या. पातं बदलून देईन. दोन-तीनदा धार लावूनही ती टिकली नाही, याचं कारण त्या पात्याला पाणी दिलेलंच नाही. ते मी दिलं नाही आणि मला ते माहीत होतं. येणं जमलं नाही तर ती विळी खुशाल मोडीत घाला, जुनी असेल तर ती काढा, आणि त्या सुनेला, तिच्या सासूसमोर, एवढं सांगा की पोरी, तुझ्या हातात काही खोट नाही.